पागेतली चिलटं आणि घोड्यांची खाज: हंगाम २०२५, प्रकल्प नोंदी

४ मे

ठाणं सहा. त्यातल्या कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडीला आणि अबलख (दोनरंगी) घोड्याला चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी आहे, बाकी चौघांना आजवर काही नाही. दोघांची कातडी आत्ता कोरडी आहे, आयाळ भरून येते आहे. म्हणूनच काम आज सुरू करायचं. खाज सुटल्यावर धावपळ करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं, आणि या दुखण्यात ते हमखास महाग पडतं: एकदा घासघास सुरू झाली की कातडी सुजते, जाड होते, आणि त्या जाड कातडीला पुढे नुसतं धुळीनेही खाजतं.

आजचं काम गुण देण्याचं. सहा जागा ठरवल्या: तोंड व कान, आयाळीचं मूळ, खांद्यावरचा उंचवटा, पाठ व पुठ्ठे, शेपटाचा बुंधा, पोटाची मधली रेघ. ० म्हणजे साफ. १ म्हणजे केस तुटलेले. २ म्हणजे केस गेलेले, कातडी जाड किंवा खपली. ३ म्हणजे रक्त किंवा ओली जखम. दर रविवारी सकाळच्या उजेडात, एकाच माणसाने, त्याच बाजूने फोटो काढून. माणूस बदलला की एकाचा १ दुसऱ्याचा २ होतो आणि नोंद निरुपयोगी ठरते.

वजनही काढून ठेवलं, कारण पुढे प्रत्येक डोस त्यावर आहे. छातीचा घेर गुणिले छातीचा घेर गुणिले लांबी (खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत), सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. कुमैत घोडी: १६८ × १६८ × १५० ÷ ११,८८० = ३५६ किलो.

११ मे

चिखलाचं काम. क्युलिकॉइडिस प्रजातीच्या चिलटाची अळी साचलेल्या खोल पाण्यात फारशी नसते. ती ओल्या, शेणामुताने माजलेल्या चिखलाच्या वरच्या काही सेंटिमीटरमध्ये वाढते. उबदार हवेत अंड्यापासून उडणारं चिलट व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे शोधायचं ते डबकं नाही, डबक्याची कड शोधायची.

पागेत अशा तीन जागा सापडल्या: पिण्याच्या हौदाभोवती, मोटारीच्या नळाखाली, आणि उकिरड्याच्या उताराकडच्या बाजूला जिथे काळं पाणी झिरपतं.

हौदाचा (२ × १ मीटर) फ्लोट गळका होता, तो आधी बदलला. गळती तशीच ठेवून खडी टाकली तर खडीच्या फटीत लीद बसते आणि नवा चिखल तयार होतो. मग चारी बाजूंनी २ मीटर रुंद पट्टा, २० सेंमी खोल खणून खाली ४० मिमी खडी आणि वर बारीक कच. माल दोन ब्रास लागला. मुरूम वर टाकू नये, घोड्यांच्या टापांनी पावसात त्याचा रबडा होतो. पट्ट्याला पन्नासास एक असा उतार देऊन पाणी १ × १ × १ मीटरच्या शोषखड्ड्यात सोडलं.

लीद: एक घोडा दिवसाला १५ ते २० किलो टाकतो. सकाळ-संध्याकाळ उचलायची. उकिरडा पागेपासून जितका लांब नेता येईल तितका नेला, खाली शहाबादी फरशा, वर काळं प्लॅस्टिक, कडा दगडांनी दाबलेल्या. नीट झाकलेला ढीग आतून इतका तापतो की वरच्या थरात अळी टिकत नाही. शेजारच्या गोठ्यातलं गाई-म्हशींचं शेण मात्र आपल्या हातात नाही, आणि काही जाती गाई-म्हशींच्या शेणातच वाढतात. शेजाऱ्यांशी बोलून म्हशींच्या लोळणीची जागा पागेच्या वाऱ्याखालच्या बाजूला नेली आहे.

१३ मे

दोघांना जवस सुरू. हिशेब किलो वजनामागे १ ग्रॅम, म्हणजे घोडीला ३५० ग्रॅम. रोज ताजा दळून, चंदीत कोरडाच. पहिल्या दिवशी ५० ग्रॅम, दहा दिवसांत पूर्ण मात्रा. दळून ठेवलेला जवस दोन-तीन दिवसांत खवट होतो आणि घोडी तोबऱ्यातून तोंड काढते. कॅनडातल्या २००२ च्या एका छोट्या अभ्यासात ४२ दिवस जवस दिलेल्या घोड्यांच्या कातडीवर चिलटाच्या अर्काने उठणारी गांध लहान झाली होती. प्रत्यक्ष खाज किती कमी होते याचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. हा आधार आहे, उपचार नाही. हंगामाच्या दीड महिना आधी सुरू केला तरच त्याला अर्थ.

२७ मे

मान्सून काल, २६ तारखेलाच, मुंबई-पुण्यात पोचला. जूनच्या दुसऱ्या आठवड्याचं वेळापत्रक धरून चालणाऱ्यांची जाळी अजून दुकानात आहे. उद्यापासून जाळीचं काम.

१ जून

जाळी. चिलट लांबीला १ ते ३ मिमी, अंगाने त्याहून कितीतरी बारीक. खिडकीच्या साध्या मच्छरदाणीची भोकं सव्वा ते दीड मिमी असतात, त्यातून ते चालत आत येतं. घ्यायची ती पॉलिहाउसला लावतात ती ४० मेशची पांढरी इन्सेक्ट नेट, इंचाला ४० धागे. तळेगाव-वडगावकडे फुलशेतीमुळे सहज मिळते. गठ्ठ्यावर काहीही छापलेलं असो, पट्टी ठेवून भिंगाखाली धागे मोजूनच घ्यावी. ३२ धाग्यांची जाळीही हातात तशीच लागते.

चौकटी १ × १.२ मीटरच्या, सागाच्या पट्टीवर, कडेने फोमची पट्टी. खाज असलेली फक्त दोन ठाणं बंद केली. सगळी पागा बंद केली तर हवा कोंडते. ४० मेशच्या जाळीतून वारा निम्म्याहून कमी येतो, मुताचा अमोनिया साचतो, आणि खाजेच्या बदल्यात खोकला पदरी पडतो. बसून जमिनीपासून दोन वीत उंचीवर नाकाने वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर खाली अंथरलेलं गवत बदलायचं किंवा एक चौकट उघडायची.

जाळीतली सर्वांत कमजोर जागा दार. मोतद्दार पाण्याची बादली घेऊन आत गेला की दार उघडंच राहतं. म्हणून दाराला स्प्रिंग, आणि आतून जाळीचाच दुसरा पडदा, खाली वाळू भरलेली शिवण घालून.

५ जून

पंखे. चिलट फार दुबळं उडतं. सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी साधारण ११ किमी वारा असला की ते घोड्यावर उतरू शकत नाही. हे एवढं एक सत्य लक्षात ठेवलं तर अर्ध्याहून अधिक औषधं विकत घ्यावी लागत नाहीत.

भिंतीवरचे २४ इंची पंखे, जमिनीपासून २.४ मीटरवर, तोंड खाली झुकवून वारा पाठीवरून शेपटाकडे जाईल असे. छताच्या पंख्याचा वारा मधोमध पडतो आणि घोडा कोपऱ्यात उभा राहतो. वाऱ्याचा वेग छोट्या ॲनिमोमीटरने तीन जागी मोजायचा: आयाळीच्या उंचीवर, शेपटाच्या बुंध्याशी, आणि पोटाखाली. पोटाखाली वारा जवळजवळ पोचतच नाही. तिथे झूल किंवा औषध लागणारच.

मोटर बंद बॉडीची हवी. गवताची धूळ उघड्या मोटरमध्ये बसून पेट घेते. वायर पीव्हीसी पाइपातून, उंदीर आणि घोडा दोघांच्या तोंडापासून लांब. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि अर्थिंग याशिवाय ओल्या पागेत वीज घेऊ नये. वीज नेमकी तिन्हीसांजेला जाते, आणि चिलटांची वेळही तीच. त्यामुळे दोन पंखे इन्व्हर्टरवर.

१५ जून

सापळा टांगला. चिलटं किती आहेत हे घोड्याच्या खाजेवरून ओळखायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो. ८ वॅटची अतिनील नळी, खाली १२ व्होल्टचा छोटा पंखा, भोवती २ मिमीची जाळी (पतंग-भुंगेरे बाहेर राहावेत म्हणून), तळाशी डब्यात पाव लिटर पाणी आणि दोन थेंब भांड्याचा साबण. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि चिलट बुडतं. उंची दीड ते दोन मीटर. आठवड्यातून एकच रात्र, मावळतीपासून उगवतीपर्यंत, आणि ठाणापासून लांब गोठ्याच्या बाजूला. सापळा रोज पागेत लावणं हा उलटा धंदा आहे. तो चिलटं बोलावतो. त्याच कारणाने ठाणातले पांढरे दिवे संध्याकाळी बंद.

सकाळी पाणी पांढऱ्या ताटलीत ओतून दहापट भिंगाने पाहायचं. क्युलिकॉइडिस पंख पाठीवर कात्रीसारखे एकावर एक मिटतं आणि बहुतेक जातींच्या पंखांवर राखाडी-पांढरे ठिपके असतात. वाळूमाशीचे पंख केसाळ आणि उभे असतात. दिवसा डोळ्यांपाशी घोंगावणारी चिलटं वेगळी. ती चावत नाहीत, डोळ्याच्या पाण्यावर जगतात. डोळ्यांवर झालर बांधली म्हणजे खाजेचा बंदोबस्त झाला असं समजणारे पुष्कळ भेटतात.

६ जुलै

पाऊस धो धो, पश्चिमेचा वारा जोरात. सापळ्यात फार थोडी चिलटं. गुण दोघांचे शून्यावर. या महिन्यात चिलटांपेक्षा ओलीची काळजी जास्त. पाठीवर केसांचे छोटे झुबके, ओढले की मुळाशी खपलीसकट सुटतात आणि खाली गुलाबी ओली कातडी दिसते: हा डर्माटोफिलस, पावसातला त्वचारोग. तो सहसा खाजत नाही, दुखतो. त्यावर झूल घालणं म्हणजे जखम वाफेत शिजवणं. चार टक्क्यांचा क्लोरहेक्झिडिन शाम्पू, फेस दहा मिनिटं ठेवून धुणे, नीट कोरडं करणे, आणि कोरडं ठाण. अबलख घोड्याला पुठ्ठ्यावर थोडं दिसलं, आठवड्यात आटोक्यात.

२० जुलै

झुली शिवून आल्या. परदेशी बनावटीच्या जाड झुली आपल्या दमट हवेत घोड्याला घामाने भिजवतात. इथे पांढरं, घट्ट विणीचं पण पातळ कापड लागतं. तोंडाने फुंकर मारली तर पलीकडे हाताला जाणवावी. मापं घोडीची: छातीच्या मध्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत १६५ सेंमी, मानेची टोपी वेगळी ७० सेंमी, शेपटावर ४५ सेंमीची झापड, आणि पोटाखाली पुढच्या पायांपासून कासेपर्यंत पट्टा. पोटपट्टा न घेता झूल शिवली तर पोटाची रेघ उघडी राहते, आणि चिलटांच्या काही जाती मुद्दाम तिथेच चावतात.

पट्टे आणि अंग यांत एक मूठ जावी. खांद्यावर आतून सॅटिनचं अस्तर, नाहीतर आठ दिवसांत केस उडतात आणि ते खाजेचे की झुलीचे हे कळत नाही. प्रत्येकी दोन संच. रोज सकाळी काढायची, खरारा करायचा, अंगावरून हात फिरवायचा. ओली झूल अंगावर पाच मिनिटंही ठेवायची नाही.

१७ ऑगस्ट

भातखाचरं भरली आहेत, वारा कमी होतो आहे. सापळ्याच्या ताटलीत आता मोजत बसावं लागतं. मुख्य हंगाम इथून पुढे. पाऊस म्हणजे चिलटं असा समज पक्का आहे, पण जोराचा पाऊस आणि वारा त्यांना दाबून ठेवतो; पाऊस उघडतो, वारा पडतो, चिखल उबदार राहतो, तेव्हा ती उठतात. महाराष्ट्रातल्या मेंढपाळांना हे वेगळ्या दुखण्यावरून माहीत आहे. शेळ्या-मेंढ्यांचा नीलजिव्हा रोग याच चिलटांमुळे पसरतो, आणि भारतातली त्याची पहिली नोंद १९६४ ची, महाराष्ट्रातलीच आहे.

झुली आजपासून अंगावर. घोडे मावळतीच्या आधी तास-दीड तास आत, सकाळी ऊन चढल्यावर बाहेर. ढगाळ, दमट, बिनवाऱ्याच्या दिवशी दिवसभर आत.

औषध: पर्मेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन, लेबलवर घोडा लिहिलेला असेल तरच, नाहीतर डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने आणि त्यांच्याच प्रमाणात. आधी मानेवर रुपयाएवढ्या जागी लावून २४ तास पाहायचं. फुटलेल्या कातडीवर नाही. मांजराला विषारी, मासे-खेकड्यांनाही; धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा खाचरात सोडायचं नाही. आयाळीच्या आणि शेपटाच्या मुळाशी २५ टक्के बेंझिल बेंझोएटचं लोशन बोटांनी चोळून, तेही फक्त अखंड कातडीवर.

ठळक अक्षरात भिंतीवर लावलं आहे: गोचिडाचं अमिट्राझ घोड्याला नाही. गोठ्यात ते सर्रास असतं, बाटली हाताशी असते. घोड्याच्या आतड्याची हालचाल त्याने थांबते, लीद अडते आणि पोटशूळ जिवावर बेततो.

कडुनिंब, करंज, सिट्रोनेला यांचा वास तास-दोन तास उपयोगी पडतो, घाम आला की संपतो. नुसतं तेल मात्र चिलटाचे पंख चिकटवतं, म्हणून पोटाच्या रेघेवर संध्याकाळी लिक्विड पॅराफिनचा पातळ थर. भर उन्हात तेल लावू नये, कातडी भाजते.

७ सप्टेंबर

तिसऱ्या ठाणातला पांढरा घोडा, आजवर निरोगी, शेपूट घासतो आहे. हा घोडा दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या बाजारातून आलेला. कोरड्या मुलखातून आलेल्या घोड्याला पहिल्या हंगामात काहीच न होणं आणि दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात खाज उठणं ही नेहमीची चाल आहे, कारण शरीराला चिलटाच्या लाळेची ओळख व्हायला वेळ लागतो. आइसलँडचे घोडे याचं मोठं उदाहरण: त्या बेटावर ही चिलटं नव्हती, आणि तिथून युरोपात नेलेल्या वयात आलेल्या घोड्यांपैकी निम्म्याहून अधिकांना खाज लागलेली आढळते, तर युरोपातच जन्मलेल्या त्याच जातीच्या घोड्यांत प्रमाण बरंच कमी असतं.

पण नुसत्या शेपटावरून निदान करायचं नाही. आयाळ पाहिली: साफ. पोट: साफ. मग सकाळी, खरारा करायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराच्या कडेला दाबून काचेवर लावली. दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूला चपटी, टोकाला टोपण असलेली अंडी दिसली. म्हणजे सुताच्या जंतांची (ऑक्झियुरिस) खाज. डॉक्टरांनी फेनबेंडाझोल दिलं, किलोमागे ७.५ मिग्रॅ. त्यासोबत ती जागा रोज ओल्या कापडाने पुसायची, कापड जाळायचं, घासलेले खांब गरम पाण्याने धुवायचे.

याच रीतीने उवा (दाट केसांत, मानेवर, भिंगाने दिसतात), पायांवरची खरूज आणि नायटे आधी वगळायचे. रक्ताच्या ॲलर्जी चाचणीवर खर्च करण्यात अर्थ नाही. निरोगी घोड्यांतही ती होकारार्थी येते. हंगाम, जागा, आणि चिलटं रोखल्यावर पडणारा फरक, ही तीन मिळून खात्रीची चाचणी.

२१ सप्टेंबर

कुमैत घोडीची आयाळ १ वरून ३ वर, चार दिवसांत. कारण सापडलं: मानेच्या टोपीचा वेलक्रो गवताच्या कुसळांनी भरला होता, टोपी रात्री सरकून खाली लोंबत होती. आयाळीच्या मुळाशी बोट फिरवलं की मोहरीएवढे कडक दाणे लागतात, मधून मधून पिवळसर चिकट पाणी, आणि दाबलं की घोडी मान ताणून वरचा ओठ थरथरवते. वेलक्रोच्या जागी सुताची नाडी आणि बटणं लावली.

डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन दिलं: रोज सकाळी किलोमागे १ मिग्रॅ, म्हणजे ३५० मिग्रॅ, पाच दिवस, मग उतरत्या क्रमाने. प्रेडनिसोन चालत नाही, घोड्याच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही. स्टेरॉइड चालू असताना रोज खुरांना हात लावून ऊब पाहायची आणि घोट्याच्या मागची नाडी. ठोका जड लागला की लॅमिनायटिसची (खुराच्या आतल्या सुजेची) शंका धरून त्याच दिवशी फोन. गाभण घोडीला आणि आधी खुरं दुखावलेल्या घोड्याला हे औषध डॉक्टर फार विचार करून देतात, म्हणून उरलेल्या गोळ्या दुसऱ्या घोड्याला कधीच नाहीत. माणसांच्या मलमांचंही तेच: स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब दोन दिवस छान वाटते, महिन्यात कातडी पातळ होते आणि खाली बुरशी वाढते.

जखमेवर: गार पाणी, पातळ क्लोरहेक्झिडिन, माशी बसू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेला स्प्रे. गरम पाण्याने खाज वाढते.

२८ सप्टेंबर

आयाळ २. पाणी थांबलं, खपली कोरडी. ठाणातल्या खांबांवरचे खिळे, पत्र्याच्या कडा, सगळं काढून खांबांना गुळगुळीत रबर मॅट गुंडाळली. खाज सुटलेला घोडा घासणारच. घासून रक्त येऊ नये एवढं आपल्या हातात.

१ ऑक्टोबर

उद्या दसरा. खाज असलेल्या दोघांना गुलाल आणि हळद-कुंकू कातडीवर नाही. टिळा खुराला लावायचा, झेंडूची माळ झुलीवरून घालायची आणि पूजा झाली की लगेच काढायची. पूजा सकाळी अकराच्या सुमारास, उन्हात. मिरवणूक तिन्हीसांजेला निघणार असल्याने हे दोघे त्यात नाहीत.

१२ ऑक्टोबर

पुन्हा चिलटांचा जोर, आणि याचं कारण घड्याळात आहे. जूनअखेरीला सूर्य सव्वासातला मावळतो, आता सव्वासहाला. घोडे आत घ्यायची वेळ सहाचीच राहिली तर ते ऐन चावण्याच्या वेळेत बाहेर असतात. वेळ आता पावणेपाच. फळ्यावर दर पंधरवड्याला मावळतीची वेळ लिहायची आणि त्यातून दीड तास वजा करायचा.

ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी झूल नको. उन्हात आणि वाऱ्यात चिलटं नसतात, मग अकरा ते चार अंग उघडं. घामाने भिजलेलं अंग साध्या पाण्याने धुवायचं, सुकलं की मगच संध्याकाळची झूल.

९ नोव्हेंबर

सापळ्यात घट, पण संपलेली नाहीत. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे हंगामाला शेवटची तारीख नसते. सलग तीन आठवडे ताटली जवळजवळ रिकामी आली की मगच झुली उतरवायच्या.

गुण: अबलख घोडा सगळीकडे ०, शेपटावर १. कुमैत घोडी आयाळीवर १, नवे केस बोटाएवढे. पांढरा घोडा साफ.

घोडी यंदा फळवायची नाही असं ठरलं. ही ॲलर्जी काही प्रमाणात रक्तातून उतरते. ती घोडी कितीही देखणी असली तरी तिच्या शिंगराला दर पावसाळ्यात हे सोसायला लावायचं नाही.

बाकी कामं: दोन चौकटींची जाळी खालच्या कोपऱ्यात उंदरांनी कुरतडली आहे, ती बदलणे. शोषखड्ड्यातला गाळ मार्चमध्ये उपसणे. झुली साध्या साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, पत्र्याच्या पेटीत. वेलक्रो सगळ्याच झुलींचा काढून बटणं लावणे.